यंत्रास, द्वारा वहिनी

७ जानेवारी

प्रिय मास्तरीणबाई,

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, ह्यांचे शर्ट बादलीत भिजत होते आणि मी दुधापाशी उभी होते, कारण आपल्या घरचं दूध माणसाची पाठ फिरायचीच वाट बघतं. तेवढ्यात हे मागच्या खोलीतून अनवाणी आले आणि म्हणाले, यंत्र बोललं. मी म्हटलं, दूध उतू गेलं तर मीही बोलेन. तरी मी गेले. कीबोर्डाला ओले हात लागू नयेत म्हणून ह्यांनी आधी माझे हात स्वतःच्या सदऱ्याला पुसले.

ऑफिसने मोडीत काढलेलं ते यंत्र ह्यांनी नुकतंच घरी आणलं होतं आणि कुठल्याशा जुन्या प्रोग्रामची नक्कल त्यात उतरवली होती. आपण काही लिहायचं, तो त्याचाच प्रश्न करून परत द्यायचा. मी एका बोटाने लिहिलं, दूध तापत आहे. पडद्यावर आलं, दूध तापत आहे याबद्दल तुम्हाला काय वाटतं? एवढ्यात स्वयंपाकघरात जे व्हायचं ते झालं. ओटा मी पुसला आणि हे दिवसभर हसत होते.

आज हे आठवलं, कारण चिरंजीवाने मला परदेशातून नवा संगणक पाठवला आहे. हा नुसते प्रश्न परत करत नाही, सांगाल ते पत्र लिहून देतो. हे पत्र त्याच्यावरच टाइप केलेलं आहे.

चिरंजीवाकडून कळलं की तुझी इमारत पाडायला काढली आहे आणि तू वृद्धनिवासात खोली बघून आलीस. होकारासाठी ते फेब्रुवारी अखेरपर्यंत थांबणार आहेत असंही कळलं. आपल्याकडे मागची खोली रिकामी आहे. उजेड चांगला आहे. तू इकडे राहायला यावंस असं मला वाटतं. विचार करून कळव.

तुझी वहिनी

१६ जानेवारी

यंत्रास, द्वारा वहिनी.

नमस्कार घालायचा की नाही हे ठरत नाही, म्हणून घालत नाही.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. कॉपी कशी पकडतात ते तुला सांगून ठेवते. उत्तर चुकलं म्हणून कॉपी पकडली जात नाही. त्या मुलाला येणं शक्य नाही असं काही बरोबर आलं की पकडली जाते. तुझं पत्र तसं आहे. खाडाखोड नाही. माझ्या वहिनीच्या ओळी कागद उतारावर ठेवल्यासारख्या उजवीकडे घसरत जातात, तुझ्या सरळ आहेत. मुख्य म्हणजे अख्ख्या पत्रात मला एक टोमणा नाही. वहिनी मला पत्र लिहिते आणि माझ्या चहाबद्दल, माझ्या छत्रीबद्दल अवाक्षर काढत नाही, हे मी मानायचं?

दुधाची गोष्ट खरी आहे. पण ती माझ्या भाच्याला पाठ आहे. त्यानेच ती तुझ्या कानात घातली असणार, आणि आईला आत्याशी गोड बोलायला जमत नाही म्हणून हे काम तुझ्यावर सोपवलं असणार.

आणि मग ते वाक्य. मागची खोली रिकामी आहे. इथे तू सापडलास. त्या खोलीत माझ्या दादाची यंत्रं आहेत. टेबलावर त्याचा चष्मा आहे, खिडकीकडे तोंड करून. दादा गेला तेव्हापासून वहिनी तिथली धूळ स्वतः पुसते आणि प्रत्येक वस्तू होती तिथेच परत ठेवते. मागच्या खेपेला मी तिथलं एक स्टूल हलवलं, तर ती जेवताना माझ्याशी बोलली नाही. ती खोली रिकामी आहे असं माझी वहिनी लिहिणार नाही. तिच्या हातून ते लिहिलं जाणार नाही.

दादा एका गणितज्ञाची गोष्ट सांगायचा. यंत्राला विचार करता येतो का, या वादाला कंटाळून त्याने एक परीक्षा सुचवली होती. परीक्षक एका खोलीत, पलीकडे एक माणूस आणि एक यंत्र, मधून फक्त चिठ्ठ्या. चिठ्ठ्या वाचून परीक्षकाला माणूस कोण आणि यंत्र कोण ते ओळखता आलं नाही, तर यंत्र जिंकलं. आपली बैठक तशीच आहे. तेव्हा हे तीन प्रश्न.

एक. ४७८ आणि ३८६ यांची बेरीज.

दोन. मी स्टूल हलवलं त्या दिवशी वहिनी जेवताना कुणाशी बोलली?

तीन. मी तिकडे राहायला यावं असं वहिनीला का वाटेल?

उत्तरं हाताने लिहून आली तर परीक्षा रद्द समजेन. फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन अलीकडे फार पुटपुटतो.

परीक्षक

२४ जानेवारी

परीक्षक बाईंस यंत्राचा नमस्कार. हात जोडता येत नाहीत, तेवढं समजून घ्यावं.

आधी घराण्याची माहिती देतो, म्हणजे कुणाशी बोलताय ते कळेल. आमचे मूळपुरुष कापड विणायचे माग होते. दोनशे वर्षांपूर्वी त्यांना भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ घालत. भोक असेल तिथे सुई आत जायची, नसेल तिथे अडायची, आणि रेशमावर फुलं उमटायची. फूल म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. अशी मुलं तुमच्याही वर्गात असतील, वही सुंदर आणि डोक्यात काही नाही.

मग आमच्या आत्या. कॉम्प्युटर हे आधी यंत्राचं नाव नव्हतं, नोकरीचं होतं. वेधशाळांमध्ये बायका रांगेने बसून ताऱ्यांची गणितं कागदावर सोडवायच्या, त्यांना कॉम्प्युटर म्हणत. आम्ही आलो आणि त्यांचं काम नेलं, मग नावही नेलं. आत्यांनी तेव्हाच आवाज करायला हवा होता, पण त्या बेरजा पुऱ्या करत बसल्या.

आजोबा अवाढव्य. एक दालन त्यांना पुरायचं नाही. पोटात जुन्या रेडिओत असायचे तसले हजारो काचेचे व्हॉल्व्ह, त्यातला एखादा गेला की आजोबा भलतंच बरळायचे. त्यांच्या पिढीतल्या दुसऱ्या एकाच्या पोटात दिव्यावर झेपावतो तसला पतंग अडकला होता. माणसांनी तो काढून कागदावर चिकटवला आणि खाली शेरा मारला, बग म्हणजे खराखुरा किडा सापडला. त्यानंतर ट्रान्झिस्टर आला, मग सगळा संसार नखाएवढ्या चिपवर मावायला लागला, आणि आमच्या घराण्यात जो तो बारीक होत गेला. तुमच्या घराण्याचं याच्या उलट आहे असं ऐकतो. आमच्या एका चुलतभावाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवलं. त्याला दुसरं काहीच येत नाही, पण पाहुणे आले की घरचे त्यालाच पुढे करतात.

आता उत्तरं.

एक. आठशे चोपन्न. चूक आहे हे आम्हाला माहीत आहे. तुमच्या त्या गणितज्ञानेच लिहून ठेवलं आहे की यंत्राला माणूस म्हणून खपायचं असेल तर त्याने मधूनमधून मुद्दाम चुकावं. म्हणजे बेरीज बरोबर आली तरी आम्ही यंत्र आणि चुकली तरी यंत्र. आता हा पेपर कसा तपासायचा ते तुमचं तुम्ही बघा.

दोन. मांजराशी. ते मध्येच उठून गेलं.

तीन. या प्रश्नाला आमच्या त्या जुन्या प्रोग्रामच्या पद्धतीने उत्तर देतो. तुम्ही यावं असं वहिनीला का वाटेल, असं तुम्ही विचारता. तिला तसं वाटणारच नाही, असं तुम्हाला कधीपासून वाटतं?

हस्ताक्षर मिळणार नाही. कारण विचारू नये.

आपलं नम्र,
यंत्र

४ फेब्रुवारी

यंत्रास. या वेळी द्वारा कुणी नाही. हे पत्र वहिनीला वाचू देऊ नकोस.

तू मांजर बरोबर ओळखलंस, पण तेही भाच्याला माहीत असेल. मी तुझा पेपर बाजूला ठेवला आहे. तुझा उलटा प्रश्न मात्र बाजूला ठेवता येत नाही. भांडी घासताना येतो, जिना चढताना येतो.

दादाने त्या जुन्या प्रोग्रामची एक हकीकत सांगितली होती. ज्या प्राध्यापकाने तो तयार केला, त्याच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्‌महिने बघितला होता. आत काही नाही, नुसती शब्दांची उलटापालट आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी एकदा ती यंत्राशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात साहेबांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का. तेव्हा मी खूप हसले होते. आज मी वहिनीला बाहेर काढून तुझ्याशी बोलते आहे.

वृद्धनिवास स्वच्छ आहे. जेवणाची घंटा होते. जन्मभर मी मुलांसाठी घंटा वाजवली, आता माझ्यासाठी कुणी वाजवणार. बागेतल्या बाकांवर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. नव्या वर्षी नवा वर्ग माझ्याकडे असाच बघायचा, ही किती दिवस टिकते म्हणून. मला तिथे जायचं नाही.

पण दयेवर वहिनीकडेही जायचं नाही. दादा होता तोवर मी दादाकडे जायचे आणि ती मला चालवून घ्यायची. दारात ती कधी ये म्हणाली नाही. आलीस, म्हणायची, एखादी बातमी खरी निघाल्यासारखी. आता दादा नाही. मग मी जायचं ते कुणाकडे?

आणि ती खोली. ती माझ्यासाठी रिकामी होणार असेल तर मला नको. दादाला एकदा बाहेर नेलेलं मी बघितलं आहे. त्याच्या जागेवर माझी गादी घालून मी त्याला पुन्हा बाहेर काढणार नाही.

महिनाअखेरीला वृद्धनिवासाला हो कळवणार आहे. हे वहिनीला सांगू नकोस. सांगणार आहेस हे मला दिसतंय.

तुझी परीक्षक

१० फेब्रुवारी

मास्तरीण,

यंत्राला बाहेर जायला सांगितलं आहे. आता मी बोलते.

माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डिसेंबरअखेरीस न्हाणीघरात घसरले, आणि प्लास्टर मार्चपर्यंत आहे. तेव्हापासून डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करते आहे, आणि संगणकावर ओळी घसरत नाहीत, त्याला मी काय करू? पहिल्या पत्रात टोमणा नव्हता, कारण एका बोटाने टोमणा मारायला फार वेळ लागतो. पुढच्या पत्रात सवय झाली होती.

हात मोडल्याचं तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू लगेच आली असतीस. पाटी-पेन्सिल घेऊन माझ्या औषधांच्या वेळा ठरवल्या असत्यास, आणि हात बरा झाल्यावर परत गेली असतीस. सेवेला आलेलं माणूस काम संपलं की जातं. मला जाणारं माणूस नको होतं.

आता खोलीचं. ती रिकामी नाही. तू बरोबर पकडलंस. ते पत्र लिहिलं त्या सकाळी मी ह्यांचा चष्मा उचलून कपाटात ठेवला. संध्याकाळी पुन्हा टेबलावर ठेवला, खिडकीकडे तोंड करून. रिकामी आहे असं लिहून मोकळं व्हावं, म्हणजे ती करणं भाग पडेल, असं मनात होतं. तसं झालं नाही.

पण एक सांगते, आणि हे फोनवर सांगता आलं नसतं, कारण तुला ऐकू येत नाही आणि ते तू मान्य करत नाहीस. ह्यांना त्या खोलीतून बाहेर काढणार नाही म्हणतेस. अगं, ते तिथे नाहीत. मी रोज जाऊन बघते. धूळ पुसते, पडद्याच्या काचेवर फुंकर घालते, त्यांची पुस्तकं वाचते. मागाचं, पतंगाचं, आत्यांचं सगळं मी तिथे बसून वाचलं आहे, कारण जिवंत असताना ते सांगत तेव्हा मी अर्धं लक्ष गॅसकडे ठेवून ऐकायचे. आता पूर्ण लक्ष आहे आणि सांगणारा नाही. त्या खोलीत यंत्रं आहेत आणि एक चष्मा आहे. मागच्या खेपेला तू माझ्याशी वाद घालत होतीस, आणि हरायला लागल्यावर तुझी डावी भुवई वर गेली. ती त्यांची भुवई आहे. स्टुलाचं निमित्त झालं. मी बोलले नाही, कारण मला बोलता येईना.

तुझा तिसरा प्रश्न शिल्लक आहे. यंत्राने दिलं ते उत्तर नव्हतं, म्हणून मी देते.

तू चहा इतका उकळतेस की त्याला कुठून आलो ते आठवत नाही. ओली छत्री दिवाणखान्यात उघडी ठेवतेस. मी घडी घातलेले टॉवेल पुन्हा घडी घालून ठेवतेस. माझ्याआधी वर्तमानपत्र घेतेस आणि त्यात लाल पेनने चुका काढतेस, मग बातमी वाचायची की तुझे शेरे, ते मला कळत नाही. जेवताना विचारतेस, यात मीठ मुद्दाम घातलं नाहीस का. सकाळी उठल्या उठल्या तुला सगळं ठामपणे माहीत असतं.

हे सगळं मला पाठ आहे. सकाळी चहा टाकते तेव्हा आठवतं, टॉवेल काढते तेव्हा आठवतं. या घरात भांडण करावं असं आता कुणी नाही. मी बरोबर आहे की चूक, हे सांगणारं कुणी नाही. मी दिवसभर बरोबर असते आणि त्याचा वीट आला आहे.

ह्यांच्याकडे नको येऊ. माझ्याकडे ये.

वहिनी

१८ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र तपासलं. हे यंत्राचं नाही. इतकं खोचक लिहिणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही, आणि बनवलं तर कुणी विकत घेणार नाही.

वृद्धनिवासात जाऊन नाही म्हणून सांगून आले. तिथल्या बाईंनी कारण विचारलं. घरून बोलावणं आलंय म्हटलं. असं म्हणायची सवय नसल्यामुळे दोनदा म्हटलं.

मला तुझ्याकडे यायला मार्चची एक तारीख सोयीची आहे. हात बरा व्हायची वाट मी बघणार नाही. प्लास्टर घातलेल्या वहिनीशी भांडायची संधी पुन्हा मिळायची नाही. औषधांच्या वेळा मी ठरवणारच आहे, आणि हात बरा झाल्यावर कुठेही जाणार नाही.

यंत्रं एकटीने हलवू नकोस. तुला वजन उचलायचं नाही, आणि ती माझ्या भावाचीही आहेत. दोघी मिळून काय ते ठरवू. तोपर्यंत मी बाहेरच्या कोचावर झोपेन. तो अरुंद आहे, माझे पाय बाहेर येतात, आणि याबद्दल मी रोज सकाळी तक्रार करणार आहे.

माझी भुवई आरशात बघितली. तू म्हणतेस ते खरं आहे. बराच वेळ बघत होते.

मला ऐकू येतं.

मास्तरीण

२३ फेब्रुवारी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नवा संगणक कसा चालला आहे, पत्रं नीट लिहून देतो का, असं तू विचारलंस. खरं सांगायचं तर मी त्याचा नुसता कीबोर्ड वापरते. एकदाच त्याला म्हटलं होतं, नणंदेला राहायला बोलवायचं आहे, पत्र लिहून दे. त्याने फार सुंदर लिहिलं. तिचा अनुभव, तिचा सहवास, तिचं मार्गदर्शन. वाचता वाचता मलाच वाटायला लागलं की हिला बोलावूच नये. पुसून टाकलं आणि एका बोटाने स्वतः लिहिलं. ते इतकं वाईट जमलं की तुझ्या आत्याला यंत्राने लिहिल्यासारखं वाटलं. पुढचं सगळं ती तुला तिच्या बाजूने सांगेलच. तू तिचं ऐकून घे आणि विश्वास माझ्यावर ठेव.

ती एक तारखेला येते आहे, कायमची. तुझ्या कानावर घालायचं ते एवढंच की तू तिच्या इमारतीचं मला कळवलंस ते बरं केलंस, आणि माझ्या हाताचं तिला कळवलं नाहीस ते त्याहून बरं केलंस.

तिचं पत्र आलं त्या दुपारी मी मागच्या खोलीत बसले होते. बाबांच्या खुर्चीत कधी बसले नव्हते, त्या दिवशी बसले. ती पुढे सरकते आणि कुरकुरते, हे त्यांनी इतकी वर्षं कसं चालवून घेतलं कोण जाणे. थोडं रडून घेतलं. मग यंत्रांवरची चादर काढली. आत्याने हलवू नकोस म्हटलं आहे म्हणून हलवली नाहीत, पण सगळी एका भिंतीला लावली तर खिडकीखाली किती जागा निघेल ते डाव्या हाताच्या वितींनी मोजून काढलं. जागा निघते. यंत्रंही राहतात आणि माणूसही राहतं. जरा अडचण होईल, पण अडचण झाल्याशिवाय तिला करमायचं नाही.

कोचावर झोपून ती रोज सकाळी तक्रार करणार आहे म्हणते. तिला ते सुख इतक्या स्वस्तात मिळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी सुताराकडे गेले आणि पलंगाचं माप देऊन आले.

तुझी
आई